ग्वाल्हेर आपले, म्हणजे कोणाचे?

दर दिवाळीला आपल्या सीमाभागातून निघणाऱ्या अंकांत बृहन्महाराष्ट्रावर एक तरी लेख असतोच. तंजावर, बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर ही त्याची ठरलेली मुक्कामाची ठिकाणे. लेखक सुट्टीत जाऊन आलेला असतो, किल्ल्याच्या तटाला पाठ लावून त्याने छायाचित्र काढून घेतलेले असते, आणि परत आल्यावर तो महादजी शिंद्यांची तलवार, जयविलास राजवाड्यातली झुंबरे आणि फूलबागेतली झाशीच्या राणीची समाधी अशी तीन फुले एका दोऱ्यात ओवून वाचकाच्या गळ्यात घालतो. चंबळेपर्यंत मराठी राज्य होते, मराठी झेंडा होता, मराठी राजा होता, तेव्हा ऊर भरून येऊ द्यावा, असा एकूण आशय. मी असे लेख पंचवीस वर्षे वाचतो आहे. एक स्वतः लिहिलाही आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. नाही तर कोणीतरी जुना अंक काढून दाखवेल.

माझी तक्रार अशी की हा हार खोटा आहे. ज्या जमिनीवर राणी पडली, त्या जमिनीचा धनी त्या दिवशी आग्र्यात इंग्रजांच्या आश्रयाला होता. दोघेही मराठी होते एवढ्या एका कारणासाठी दोघांना एकाच दोऱ्यात ओवणे ही राणीची विटंबना आहे, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी ती करणे हा तर निव्वळ आंधळेपणा. राजा आपल्या भाषेचा असला म्हणजे राज्य आपले होते, ही समजूत आपण किती दिवस जपणार आहोत?

ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. मैदानातून एकदम वर उठलेला तांबूस वालुकाश्माचा लांबट डोंगर, कडे जवळजवळ उभे, आणि त्याच्या माथ्यावर किल्ला. खाली एका अंगाला जुने ग्वाल्हेर. दुसऱ्या अंगाला लष्कर, म्हणजे १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि तो हललाच नाही, त्याचे झालेले शहर. तिसरी मोरारची छावणी. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवरचे हे नाके. ज्याला माळवा हवा, बुंदेलखंड हवा किंवा दख्खनची वाट हवी, त्याला हा डोंगर टाळून भागत नसे. तोमर, लोदी, मोगल, गोहदचे राणे, मराठे, इंग्रज असे सगळे त्यावर चढून आणि उतरून गेले.

आणि फूलबाग? स्टेशनकडून लष्कराकडे निघालात की पडाव नावाच्या भागाला लागून ही बाग येते. एका बाजूला मोतीमहाल, पुढे पायी जाण्याच्या अंतरावर जयविलास. बागेच्या आवारात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिस्टांचे सभागृह शेजारी शेजारी आहेत, त्याचे कौतुक सगळेच करतात, मीही करतो. जवळच राणीची समाधी. घोड्यावरचा पुतळा लांबून दिसतो. समाधी स्वतः लहानशी आहे, आणि बरे वाटते ती लहान आहे म्हणून. जवळून स्वर्णरेखा नाला वाहतो. नाव मोठे गोड, पण नाक धरूनच पार करावा लागतो. याच नाल्याशी राणीचा घोडा अडला असे परंपरा सांगते.

आता १८५८च्या जून महिन्यात या दोनचार मैलांच्या परिसरात काय घडले ते तारखेवार पाहू. १ जूनला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी मोरारजवळ आले. तेविशीतले जयाजीराव शिंदे फौज घेऊन त्यांना अडवायला बाहेर पडले, आणि त्यांची बहुतेक फौज लढाई न करता पलीकडे निघून गेली. अंगरक्षकांची तुकडी तेवढी लढली. जयाजीराव धोलपूरच्या वाटेने आग्र्याला पळाले. दिवाण दिनकरराव राजवाडेही गेले. शहर, किल्ला, खजिना, तोफा, सगळे आयते बंडवाल्यांच्या हाती आले.

इथे आपला अभिमानी लेखक म्हणेल, पाहा, प्रजा आणि फौज पेशव्यांच्या बाजूची होती, मराठी राज्य परत उभे राहिले. राहिले खरे. पुढे काय झाले? ३ जूनला याच फूलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. मानपान झाले, पोशाख वाटले, ब्राह्मणभोजनाच्या पंगती उठू लागल्या. राणी सांगत होती की सर ह्यू रोज पाठीवर आहे, फौज बांधा, मोर्चे लावा. तिचे कोणी ऐकले नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली राणीचे चरित्र लिहिले तेव्हापासून हे मराठी वाचकाला माहीत आहे. तरी दिवाळी अंकांतल्या लेखांत त्या लाडवांचा उल्लेख मी कधी वाचला नाही. १७ जूनला, काहींच्या मते १८ला, कोटा की सराईच्या लढाईत राणी पडली. जिथे दरबार भरला तिथून हाकेच्या अंतरावर तिचा अग्निसंस्कार झाला, दरबारानंतर दोन आठवड्यांनी.

म्हणजे त्या एका महिन्यात ग्वाल्हेरने दोन मराठी राज्ये पाहिली. एक आग्र्याला पळून गेले, दुसरे पंगतीला बसले. राणीच्या वाट्याला दोन्हींपैकी एकही आले नाही.

तिच्या वाट्याला कोण आले ते पाहा. गंगादास महाराजांच्या मठातल्या बैराग्यांनी तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू दिला नाही, त्यात त्यांच्यातले पुष्कळ कापले गेले, अशी तिथली परंपरा. तो मठ अजून आहे. शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याचा खजिनदार अमरचंद बांठिया, मूळचा बिकानेरकडचा जैन व्यापारी. त्याने बंडवाल्या शिपायांच्या पगारासाठी खजिना मोकळा केला, आणि ग्वाल्हेर परत घेतल्यावर इंग्रजांनी त्याला भर सराफा बाजारात झाडाला फाशी दिले. हे लोक मराठी नव्हते. त्यांना मराठी येत असेल तर बाजारापुरते. आपल्या 'मराठी ग्वाल्हेर'च्या लेखांत त्यांना म्हणूनच जागा नसावी.

आणि जयाजीराव? २० जूनला सर ह्यू रोजने त्यांना वाजतगाजत आणून गादीवर बसवले. समाधीची राख थंड व्हायची होती. पुढे त्यांना तीन लाख उत्पन्नाचा मुलूख बक्षीस मिळाला, फौज वाढवण्याची परवानगी मिळाली, किताब मिळाले. किल्ला मात्र इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. मित्र असला तरी त्याच्या हातात कुलूप द्यायचे आणि किल्ली आपल्या कमरेला ठेवायची, ही त्यांची पद्धत. १८७४ साली जयविलास बांधून झाला. युवराज एडवर्ड येणार म्हणून हा थाट. झुंबरे इतकी जड की छताला पेलतील का हे पाहायला हत्ती वर चढवले अशी गोष्ट वाटाड्या आजही सांगतो, आणि आपण माना वर करून बघतो. त्या दिवाणखान्यातून बाहेर पडल्यावर दिसणाऱ्या किल्ल्यावर तेव्हा गोऱ्यांचा पहारा होता, हे मात्र वाटाड्या सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

आता खरी गोष्ट. बंडानंतर झाशी शहर इंग्रजांनी कोणाला दिले? शिंद्यांना. जिने झाशी देण्याचे नाकारले तिच्या मरणानंतर तिचे शहर आग्र्याला पळालेल्या माणसाला बक्षीस म्हणून मिळाले. आणि १८८६ साली तेच झाशी शहर शिंद्यांनी इंग्रजांना परत दिले, बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मोरारची छावणी घेतली. वर रोकड रक्कमही मोजली. त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीराव वारले. किल्ला मिळाल्याचे समाधान घेऊन गेले असतील.

हा व्यवहार मला जेवढा बोचतो तेवढा १८५८चा पळ बोचत नाही. पळणे माणसाचे आहे. फौज उलटली, वय तेविशीचे, डोक्यावर १८४४चा तह, महाराजपूर आणि पनियारच्या पराभवाच्या आठवणी ताज्या. त्या दिवशी मी तिथे असतो तर मीही कदाचित आग्र्याचाच रस्ता विचारला असता. पण अठ्ठावीस वर्षांनी, शांतपणे कागद पुढे घेऊन, झाशी देऊन किल्ला घेणे याला भीती म्हणत नाहीत. त्याला हिशेब म्हणतात. त्या हिशेबात झाशीत राहणारी माणसे कुठल्या रकान्यात होती? १८५८च्या एप्रिलात ज्यांची घरे जळाली, ज्यांची माणसे विहिरींत उड्या टाकून मेली, त्यांना आधी शिंद्यांचे केले, मग इंग्रजांचे. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारले नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीची ती लूट आणि कत्तल जी लिहून ठेवली आहे ती वाचा. हा माणूस पैसे मिळवायला, बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे असे ऐकून कोकणातून निघालेला भिक्षुक; काही मोठा देशभक्त नव्हे. पण त्याला रस्त्यावरची प्रेते दिसली. आपल्या लेखकांना झुंबरे दिसतात.

सीमेवरच्या वाचकाला मी हे वेगळे समजावून सांगायला हवे का? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले, बिदर आणि भालकी हैदराबादेतून. तेव्हापासून आपण काय म्हणत आलो? की आम्हाला विचारले नाही. आम्ही काय गुरेढोरे आहोत की दावणीवरून सोडून दुसऱ्या दावणीला बांधावे? महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि प्रत्येक वेळी आपला मुद्दा तोच राहिला: माणसांना विचारल्याशिवाय माणसांचा मुलूख कोणी कोणाला देऊ नये. मुद्दा रास्त आहे. मग तोच मुद्दा १८८६च्या झाशीला का लागू होत नाही? देणारा हात मराठी होता म्हणून? अंगठी घातलेल्या हाताने कानशिलात बसली तर ती कमी लागते असे माझ्या ऐकिवात नाही.

योगायोग असा की त्याच १ नोव्हेंबर १९५६ला ग्वाल्हेरचेही राजधानीपण गेले. १९४८ साली मध्यभारत राज्य झाले तेव्हा जिवाजीराव शिंदे राजप्रमुख होते आणि ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी होती. मध्यभारत मध्यप्रदेशात विरले, राजधानी भोपाळला गेली. आपण ज्या दिवशी सरहद्दीच्या या बाजूचे त्या बाजूला झालो, त्याच दिवशी मोतीमहालातल्या कारकुनांनी फायली बांधायला घेतल्या. हा दुवा आपल्या एकाही 'मराठी ग्वाल्हेर'वाल्याला सुचलेला नाही, कारण त्याला कारकुनाशी कर्तव्य नाही.

मला उत्तर देताना माधवरावांचे नाव पुढे केले जाईल हे मला ठाऊक आहे. १८८६ ते १९२५ या काळातले हे महाराज. यांनी छोटी रेल्वे आणली, तलाव बांधले, दवाखाने, शाळा काढल्या. खरे आहे, आणि त्याचे श्रेय मी हिरावून घेत नाही. किल्ल्यावरच्या ज्या बराकींत इंग्रजी सोजीर राहत होते, तिथे पुढे सरदारांच्या मुलांची शाळा आली. तीच आजची सिंदिया स्कूल. पण शाळा सरदारांच्या मुलांची होती, हेही वाचा. आणि याच माधवरावांनी मुलाच्या नावाआधी 'जॉर्ज' लावले, इंग्लंडच्या बादशहाच्या मानासाठी. जॉर्ज जिवाजीराव. आपल्या गावात कोणी मुलाचे नाव असे ठेवले असते तर पारावर काय बोलणी झाली असती याची कल्पना करावी.

दुसरे नाव महादजींचे येईल. पानिपतावर पायाने अधू झालेला, दिल्लीच्या बादशहाला मुठीत ठेवणारा, कण्हेरखेडचा तो पाटील मलाही प्रिय आहे. १७८० साली कॅप्टन पॉपहॅमने रात्री दोराच्या शिड्या लावून हा किल्ला घेतला आणि गोहदच्या राण्याला दिला. तीन वर्षांत महादजींनी तो परत जिंकला. जिंकला, शहर देऊन विकत घेतला नाही. आजोबांच्या पराक्रमावर नातवाचे कर्ज फेडता येत नाही, हे आपण घरातल्या वाटण्यांत नेमके जाणतो, इतिहासात विसरतो.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो जास्त जिव्हाळ्याचा. काही म्हणा, मराठी राजा होता म्हणून चंबळेच्या कडेला मराठी टिकली. टिकली का? लष्करातल्या एका जुन्या वाड्यात मी एका सद्गृहस्थांकडे चहाला गेलो होतो. दौलतरावांच्या फौजेबरोबर आलेले घराणे. "आम्ही लष्करातले," हे ते असे म्हणाले की जणू फौज काल उतरली. वाड्यात मोडीतली दप्तरे, देवघरात खंडोबाचा टाक, भाद्रपदात गणपती. त्यांचे मराठी ऐकताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली, इतके जुने आणि स्वच्छ. मधेच नातू डोकावला. आजोबा म्हणाले, "अरे, हे कोल्हापूरकडून आलेत, नमस्कार कर." मुलाने वाकून नमस्कार केला आणि हिंदीत विचारले, "दादाजी, मैं जाऊँ?" आजोबांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कळतं त्याला सगळं. बोलत नाही."

त्या मुलाचा दोष नाही आणि हिंदीचा तर नाहीच. शहर पहिल्यापासून हिंदी-बुंदेली बोलणाऱ्यांचे. मराठी वरून आली, वाड्यांत राहिली, मानकऱ्यांच्या पंगतीत राहिली. बाजारात उतरायची तिला कधी गरज पडली नाही, कारण तिच्या पाठीशी राजा होता. राजा गेला, जहागिऱ्या गेल्या, आणि वाड्याला भाडेकरू ठेवायची वेळ आली तेव्हा मराठीकडे बाजारातली ओळख नव्हती. दीडशे वर्षांच्या राजाश्रयाने जे झाले नाही ते आपल्याकडे राजाश्रयाविना झाले आहे. बेळगावात, निपाणीत, खानापुरात मराठी टिकली ती तंबाखूच्या वखारीत, भाजीच्या टोपलीत, तालमीत, शाळेच्या वर्गात, पलीकडे कानडी बोलणाऱ्या शेजारणीशी उसनवारी करता करता. मराठी राजाची वाट पाहत ती बसली असती तर तिचाही नातू केव्हाच दारात उभा राहून जायची परवानगी मागत राहिला असता.

मग ग्वाल्हेरशी आपले, म्हणजे कोल्हापूर-बेळगावकडच्या लोकांचे, नाते नाही का? आहे. दोन प्रकारचे आहे, आणि दोन्ही आपल्या दाराशी आहेत.

एक कागलचे. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली, १७९८ साली, पुण्यात. त्या सोयरिकीच्या बळावर सर्जेराव शिंद्यांचे कारभारी झाले आणि पैसा उभा करायला त्यांनी पुण्याच्या सावकारांचे, कारभाऱ्यांचे जे हाल केले ते बखरकारांनीही हात आखडत लिहिले आहेत. तापलेल्या तोफांवर माणसे बसवली. मराठ्यांच्या राजधानीची ही लूट अफगाणाने केली नाही, इंग्रजाने केली नाही. आपल्या कागलच्या माणसाने केली. बायजाबाई बापासारखी नव्हती. १८२७पासून १८३३पर्यंत तिने राज्य चालवले, पैशाच्या व्यवहारात ती भल्याभल्या पेढीवाल्यांना भारी होती, आणि काशीला ज्ञानवापीचा मंडप तिने बांधला. तिच्यावर स्वतंत्र लेख कोणी लिहील तर मी पहिला वाचक. पण 'कागलची लेक ग्वाल्हेरची राणी' असा मथळा देऊन सर्जेरावांना गाळणारे लेख नकोत.

दुसरे नाते इचलकरंजीचे. मिरजेजवळच्या बेडगचा एक मुलगा गाण्याच्या वेडाने घराबाहेर पडला, उपासतापास काढत, गुरू बदलत भटकला आणि शेवटी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींपाशी टिकला. वासुदेवबुवा हस्सू खाँसाहेबांचे शिष्य. तो मुलगा म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्या मुलखात आणली, मिरजेला कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकवली, आणि पलुसकरांनी ती देशभर नेली. हस्सू खाँ, हद्दू खाँ यांना शिंद्यांच्या दरबाराचा आश्रय होता, तेवढे श्रेय दरबाराला द्यावेच लागेल. पण गाणे दरबारातून आपल्याकडे फर्मानाने आले नाही. एका मुसलमान उस्तादाकडून एका जोशीबुवाकडे आणि तिथून एका उपाशी पोराच्या गळ्यात बसून आले. ग्वाल्हेरचे जे खरोखर आपल्या घरात आहे, ते हे. त्याच्यावर आपल्या अंकांत मी गेल्या काही वर्षांत काही वाचलेले नाही. झुंबरांवर चार लेख वाचले.

हिंदीवाले या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ आहेत. सुभद्राकुमारी चौहानांची राणीवरची कविता उत्तरेत लाखो मुलांनी शाळेत पाठ केली आहे, आणि त्या कवितेत शिंदे इंग्रजांचे मित्र म्हणून नावानिशी येतात. आपल्याकडे भा. रा. तांब्यांची कविता आहे. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, शेवट ग्वाल्हेरलाच झाला. आडनाव राणीच्या माहेरचेच. या राजकवीने समाधीपुढे वाटसरूला थांबायला लावले. राजाचे मीठ खाणाऱ्या कवीला जे कळले ते राजाचे काहीच देणे न लागणाऱ्या आपल्या लेखकांना कळू नये?

डिसेंबर २०२१मध्ये ज्योतिरादित्य शिंदे फूलबागेतल्या समाधीपुढे जाऊन नतमस्तक झाले. देशभर त्याची बातमी झाली. कोणी टीका केली, कोणी स्वागत केले. मला टीकेत रस नाही, वाकलेल्या माणसाला का म्हणून हसावे? मला एवढेच म्हणायचे आहे की समाधीवर फुले वाहणे ही बातमी व्हावी, यातच सगळे आले. ग्वाल्हेरच्या रिक्षावाल्याला ती बातमी का झाली हे एका वाक्यात सांगता येते. आपल्या दिवाळी अंकाच्या वाचकाला ते सांगायला मला ही इतकी पाने लागली.

हा लेख मागताना संपादकांनी किल्ल्याचे एखादे चांगले छायाचित्रही पाठवा असे लिहिले होते, मागल्या लेखासारखे. त्या खेपेला मी किल्ल्यावर गेलोच नाही. माझ्याकडे स्वर्णरेखा नाल्याचे एक छायाचित्र आहे, थोडे हललेले, कोपऱ्यात एक म्हैस आली आहे. ते सोबत जोडले आहे. छापायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.